नोटीस कारकुनाला, कॉम्प्युटर तसाच!

आपल्याकडच्या एका सरकारी कार्यालयातले कॉम्प्युटर मागे दोन दिवस बंद होते. लोक दाखल्यांसाठी हेलपाटे मारत होते. ‘बिल’ म्हणून आलेली फाइल कुणीतरी उघडली, असं आतलेच सांगतात. लगेच एका कारकुनाला कारणे दाखवा नोटीस! साहेबांचं म्हणणं, फाइल बघून उघडायला नको का?

अहो साहेब, बघून म्हणजे काय बघून? विंडोज मुळातच फाइलच्या नावाची शेपटी लपवतं. फाइल असते ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’, पडद्यावर दिसतं ‘बिल.पीडीएफ’. वर चिन्हही पीडीएफचं चिकटवता येतं. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरसने याच सोयीचा फायदा घेऊन जगभर धुमाकूळ घातला. नावात टीएक्सटी दिसायचं, पुढचं व्हीबीएस लपलेलं. पंचवीस वर्षं उलटली, शेपटी अजून लपलेलीच.

बरं, कधीकधी फाइल उघडावीही लागत नाही. एक क्लिक केलं की बाजूला मजकूर दाखवणारी प्रिव्ह्यूची चौकट असते ना? 2022 मध्ये उघड झालेल्या ‘फोलिना’ दोषात आरटीएफ फाइल त्या चौकटीत दिसली तरी पुरत होतं. 2010 च्या स्टक्सनेटला तर पेनड्राइव्हमधल्या शॉर्टकटचं नुसतं चिन्ह पडद्यावर आलं तरी बास! शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचा एक्सप्लोररमधला प्रिव्ह्यू बंद केला. लॉगिनची गुप्त माहिती त्यातून बाहेर जाण्याचा धोका होता. पण ही दुरुस्ती अपडेटमधून येते, आणि आपल्या कार्यालयांत अपडेट करतं कोण? विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. देखभालीचं बिल मात्र निघत असणार.

आवक टपाल सांभाळणाऱ्याला प्रिव्ह्यू लागतो, हे मला मान्य आहे. दिवसभर येणारी प्रत्येक फाइल उघडत बसला तर तो घरी कधी जाणार? म्हणूनच हे ठरवणं त्याचं काम नाही, वरच्यांचं आहे. व्ह्यू मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करायला अर्धा मिनिट लागतो. प्रिव्ह्यूची चौकट ऑल्ट आणि पी दाबलं की बंद. तेवढंही कुणी केलं नाही आणि नोटीस कुणाला, तर सगळ्यात खालच्या माणसाला.

देखभालीचा ठेका कुणाकडे, शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला, हे माहिती अधिकारात विचारलंय. मुदत 30 दिवसांची आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.