अपडेटने बंद पडलेला फोन : दुरुस्ती कोणाची, भुर्दंड कोणाला?

विशेष प्रतिनिधी

ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस १० आणि नोट १० या मालिकांतील अनेक फोन जगाच्या निरनिराळ्या भागांत एकाएकी बंद पडू लागले. पडद्यावर कंपनीचे नाव उमटे, काही क्षण थांबे, फोन आपणहून बंद होई आणि पुन्हा तेच नाव उमटे. हे चक्र काही केल्या थांबेना. फोनच्या मालकांनी काहीही केलेले नव्हते. घरातील उपकरणे फोनवरून चालविण्यासाठी कंपनीनेच दिलेल्या 'स्मार्टथिंग्ज' या सेवेच्या एका घटकाचे अपडेट आपोआप उतरले होते आणि २०१९ सालच्या या फोनांशी त्याचे जुळले नव्हते. कंपनीने ते अपडेट थांबविले. मात्र जे फोन आधीच अडकले होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या मालकांपुढे एकच मार्ग उरला : फोन कारखान्यातून निघाला त्या स्थितीत आणणे, म्हणजेच त्यातील सर्व माहिती पुसून टाकणे.

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. 'फोन पूर्ववत झाला' असे सेवा केंद्रातून सांगितले जाते तेव्हा त्याचा अर्थ संच सुरू झाला एवढाच असतो. ग्राहकाच्या लेखी मात्र पाच-सहा वर्षे वापरलेल्या संचाची किंमत नगण्य असते. त्यातील छायाचित्रे, संदेश, हिशेब आणि संपर्क हेच त्याचे धन असते. अपडेट कंपनीने पाठवायचे, ते फसले तर पहिली वस्तू परत द्यायची आणि दुसरीबद्दल हात वर करायचे, अशी ही रीत आहे. ती आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

जुनीच व्यथा

असा प्रकार पहिल्यांदाच घडला असे नाही. शाओमीचा 'मी ए ३' हा फोन ऑगस्ट २०१९ मध्ये भारतात १२,९९९ रुपयांपासून विक्रीस आला. नियमित अपडेट मिळण्याची हमी हेच त्याचे मोठे आकर्षण होते. जानेवारी २०२१ मध्ये त्याला अँड्रॉइड ११ देऊ करण्यात आले आणि ते घेताच अनेक फोन पुन्हा सुरूच झाले नाहीत. त्यावेळी कंपनीने अपडेट थांबवून, वॉरंटी संपलेली असो वा नसो, भारतातील सेवा केंद्रांत हे फोन विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

गुगलच्या पिक्सेल ४ ए या २०२० सालच्या फोनची कथा थोडी वेगळी आहे. या फोनला अपडेट देण्याची मुदत २०२३ मध्येच संपली होती. तरीही जानेवारी २०२५ मध्ये एक अपडेट आपोआप पाठविण्यात आले. बॅटरीच्या स्थैर्यासाठी ते आवश्यक असल्याचे सांगण्यात आले. पण त्यानंतर काही फोनांची बॅटरी पूर्वीच्या मानाने फारच थोडा वेळ टिकू लागली. ज्यांना जुन्या आवृत्तीकडे परतायचे होते, त्यांची वाटही बंद झाली, कारण जुन्या आवृत्त्या गुगलने आपल्या संकेतस्थळावरून काढून घेतल्या होत्या. बाधित ग्राहकांना विनामूल्य नवी बॅटरी, रोख भरपाई किंवा नव्या फोनवर सवलत असे पर्याय देण्यात आले. फोन बंद पडला नव्हता; पण मालकाला विचारल्याविना तो पूर्वीसारखा राहिला नव्हता.

अपडेट फसते कसे?

फोनची कार्यप्रणाली त्याच्या अंतर्गत साठवणीतील एका राखीव भागात असते. फोन सुरू होताना एक छोटा आरंभिक प्रोग्राम या भागाची तपासणी करतो. कंपनीची डिजिटल मोहोर जुळली तरच पुढचे काम सुरू होते. जुन्या पद्धतीच्या फोनांत अपडेट याच भागावर, जुन्याच्या जागी नवे, असे लिहिले जाते. लिहिण्याचे काम अर्ध्यावर थांबले, अथवा लिहिलेले त्या संचाला मानवणारे नसले, की फोन ना जुन्या प्रणालीवर चालतो, ना नव्या. थकलेली बॅटरी, काठोकाठ भरलेली साठवण आणि झिजलेली स्मृती-चिप या जुन्या फोनच्या व्याधी हा धोका वाढवितात.

यावर उपाय नाही असे नाही. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून गुगलने एक दुहेरी व्यवस्था उपलब्ध केली. तीत प्रणालीच्या दोन प्रती असतात. एक चालू असताना दुसरीवर अपडेट लिहिले जाते आणि ते फसले तर फोन जुन्या प्रतीवर परततो. परंतु यासाठी जागा अधिक लागते आणि सर्व कंपन्यांनी ही पद्धत तत्काळ स्वीकारली नाही. सॅमसंगने ती प्रथम आणली ती २०२४ च्या गॅलेक्सी ए ५५ मध्ये. तोवर विकल्या गेलेल्या तिच्या फोनांना हे कवच नव्हते.

कुलूप मजबूत, किल्ली हरवलेली

फसलेल्या फोनला जागे करण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम सक्तीने पुन्हा सुरू करून पाहणे. ते न साधल्यास ठरावीक बटणे एकत्र दाबून 'रिकव्हरी' अवस्थेत जाणे. तेथून तात्पुरत्या फायली पुसणे किंवा प्रणाली पुन्हा चढविणे आणि सरतेशेवटी सर्व माहिती पुसणे. आयफोनच्या बाबतीत तो संगणकाला जोडल्यावर 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय समोर येतात. पहिला माहितीला धक्का न लावता प्रणाली पुन्हा बसविण्याचा प्रयत्न करतो, दुसरा सर्व पुसतो. घाईत दुसरा निवडला तर परतीचा मार्ग राहत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत 'सॉफ्टवेअर मारून देतो' असे सांगणारे कारागीर एकेकाळी बंद पडलेल्या फोनमधून माहितीही काढून देत. आज ते कौशल्य अपुरे पडते, आणि त्याचे कारण कारागिरांत नाही. गेल्या काही वर्षांतील फोनांत माहिती सांकेतिक रूपात साठविली जाते आणि तिची किल्ली त्याच फोनच्या चिपशी व मालकाच्या पिनशी बांधलेली असते. स्मृती-चिप काढून दुसरीकडे वाचली तरी हाती निरर्थक अक्षरेच लागतात. प्रणाली बदलण्यासाठी आरंभिक प्रोग्रामचे कुलूप उघडावे, तर तसे करतानाच माहिती पुसली जाते. ही सारी योजना चोरापासून संरक्षणासाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण चोराला बाहेर ठेवणारी भिंत संकटसमयी मालकालाही बाहेर ठेवते.

एवढ्यावर प्रकरण संपत नाही. माहिती पुसून सुरू झालेला अँड्रॉइड फोन पूर्वीच्याच गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. आपल्याकडे कित्येक ज्येष्ठ नागरिकांचे खाते फोन घेताना दुकानदाराने किंवा परगावी असलेल्या मुलाने उघडून दिलेले असते. तो पासवर्ड कोणाच्याही स्मरणात नसतो. परिणामी दुरुस्त झालेला फोनही कुलूपबंद राहतो.

शहरी मध्यमवर्गात जुना फोन टाकून दिला जात नाही. तो आई-वडिलांकडे, घरकामाच्या मावशींकडे किंवा शाळकरी मुलाकडे जातो. म्हणजे अपडेट फसण्याचा धोका ज्या संचांत अधिक, तेच संच ते निस्तरण्याची साधने ज्यांच्याकडे सर्वांत कमी त्यांच्या हाती असतात. बँकेचा ओटीपी, यूपीआय, गॅसची नोंदणी, डॉक्टरांची कागदपत्रे हे सारे त्या एका संचावर अवलंबून असताना तो दोन दिवस बंद पडणे ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही.

मग अपडेटच न घेणे हा शहाणपणा ठरेल काय? तसे नाही. सुरक्षेतील भगदाडे बुजविण्याचे काम अपडेटच करतात आणि ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात तो वर्षानुवर्षे जुन्या आवृत्तीवर ठेवणे म्हणजे ठकसेनांना निमंत्रण देणे होय. ग्राहकाला घेणेही भाग आहे आणि घेण्यात जोखीमही आहे. जेथे नकार देण्याचे खरे स्वातंत्र्य नसते, तेथे जोखीम पाठविणाऱ्याने उचलावी, हा साधा न्याय आहे.

परदेशांत काय घडले?

काही देशांनी हा न्याय मान्य केला आहे. इटलीच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. २०१४ च्या गॅलेक्सी नोट ४ च्या मालकांना नव्या फोनांसाठी बनविलेली अँड्रॉइड आवृत्ती घेण्यास आग्रहाने सांगण्यात आले, त्यामुळे फोनांत बिघाड झाले आणि वॉरंटी संपल्याचे कारण देऊन दुरुस्तीसाठी भारी शुल्क मागण्यात आले, असा सॅमसंगवर ठपका होता.

ऑस्ट्रेलियातील प्रकरण आपल्याकडील गल्लोगल्लीच्या दुरुस्तीच्या दुकानांच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. बाहेर दुरुस्त करून घेतलेले काही आयफोन व आयपॅड अपडेटनंतर 'एरर ५३' असा संदेश दाखवून बंद पडले. बाहेर दुरुस्ती केल्यामुळे तुमचा हक्क गेला, असे अॅपलने किमान २७५ ग्राहकांना सांगितले होते. हे सांगणे दिशाभूल करणारे असल्याचे ठरवून तेथील न्यायालयाने जून २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. युरोपीय संघाने पुढचे पाऊल टाकले. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनसाठी नवे नियम लागू झाले. सुटे भाग विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे त्यांत बंधनकारक आहे आणि कार्यप्रणालीच्या अपडेटसाठीही विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षांचा कालावधी धरला आहे.

आपल्याकडील स्थिती

भारतात या प्रश्नाला हात लागला आहे, पण अर्धवट. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू दुरुस्त करणे किती सुलभ आहे हे गुणांकाने दर्शविणाऱ्या 'दुरुस्ती निर्देशांका'संबंधीच्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. सुटे भाग, माहिती आणि अवजारे यांच्याबरोबर सॉफ्टवेअर अपडेटचाही त्यात विचार आहे, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि अपडेट किती वर्षे मिळणार हे सांगणे वेगळे आणि फसलेल्या अपडेटची जबाबदारी घेणे वेगळे. या दुसऱ्या बाबीवर ग्राहकाला स्पष्ट आश्वासन हवे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी आणि उत्पादन दायित्व या दोन्ही संकल्पना आहेत. कंपनीने स्वतः पाठविलेल्या अपडेटमुळे झालेला बिघाड त्यांच्या कक्षेत येतो, असा युक्तिवाद निश्चितच करता येईल. परंतु सात-आठ हजारांच्या जुन्या फोनसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? म्हणूनच नियमाची गरज आहे, आणि तो नियम फार क्लिष्ट असण्याचेही कारण नाही. अपडेटमुळे बंद पडलेला फोन वॉरंटीचा विचार न करता विनामूल्य दुरुस्त व्हावा. माहिती पुसण्यापूर्वी ती वाचविण्याचा प्रयत्न केल्याची लेखी नोंद मिळावी. सुरक्षेखेरीज इतर अपडेट नाकारण्याचा आणि ठरावीक काळ जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा पर्याय असावा. यातील पहिली अट अव्यवहार्य आहे असे उद्योगाला म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये मी ए ३ च्या वेळी ती याच देशात स्वेच्छेने स्वीकारली गेली होती.

तोवर ग्राहकाने काय करावे?

नियम होईतो सावधगिरी हाच आधार आहे. अपडेट घेण्यापूर्वी छायाचित्रे व संदेश यांची प्रत संगणकावर किंवा दुसरीकडे काढून ठेवावी. व्हॉट्सअॅपची प्रत आपोआप निघते, या भरवशावर राहू नये. अँड्रॉइडवर ती २०२४ पासून गुगल खात्याच्या १५ जीबी विनामूल्य जागेतच मोजली जाऊ लागली आणि जागा भरली की नवी प्रत निघत नाही. बॅटरी पुरेशी भरलेली असावी, साठवणीत मोकळी जागा असावी आणि शक्य तेव्हा अपडेट जाहीर होताच न घेता चार-आठ दिवस थांबावे. घरातील ज्येष्ठांच्या गुगल वा अॅपल खात्याचा पासवर्ड सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवावा.

फोन अडकलाच तर प्रथम सिम कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे, म्हणजे ओटीपी सुरू राहतील. यूपीआयची मात्र नव्या संचावर पुन्हा नोंदणी करावी लागेल. सर्व पुसण्याचा पर्याय स्वतःहून निवडू नये. सेवा केंद्रात 'माहिती न पुसता प्रणाली चढविता येईल काय?' असे स्पष्ट विचारावे आणि फोन अपडेटनंतर बंद पडला हे जॉबशीटवर लिहून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही.

फोन विकताना मालकी ग्राहकाकडे गेली असे कंपन्या मानतात. तो विकल्यानंतरही त्यात दूरवरून बदल करण्याचा अधिकार मात्र आपल्याकडे राखून ठेवतात. हा अधिकार ठेवायचा असेल तर त्याच्या परिणामांची जबाबदारीही त्यांनी आपल्याकडे ठेवली पाहिजे. दुरुस्ती निर्देशांकाला अंतिम रूप देताना सरकारने एवढी एक गोष्ट जरी कागदावर आणली, तरी घरोघरीच्या खणांत बंद पडून असलेल्या कित्येक फोनांच्या मालकांना दाद मागण्याचा मार्ग मोकळा होईल.