वायरलेस कार्ड आणि पूर्तता-प्रमाणपत्र

शासकीय कार्यालयातील डेस्कटॉपला वायरलेस कार्ड बसविले, ड्रायव्हर चढविला की पुरवठादार पूर्तता-प्रमाणपत्र मागतो. ते बहुधा मिळतेही. खरे काम त्यानंतर सुरू होते. अँटेना संगणकाच्या पाठीशी आणि संगणक टेबलाखाली, भिंतीला टेकलेला. धातूच्या पेटीआड संकेत क्षीण होतो, दोष मात्र इंटरनेटला! वायरीचा अँटेना टेबलावर आणला की बहुधा भागते. पण निविदेत ती वायर नसते.

याहून गंभीर बाब सुरक्षेची. एखादे जुने कार्ड डब्ल्यूपीए-२ जाणत नाही, म्हणून साऱ्या कार्यालयाचा राउटर डब्ल्यूईपीवर, क्वचित कुलुपाविनाच ठेवला जातो. डब्ल्यूईपीतील उणिवा २००१ सालीच उघड झाल्या होत्या. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांसंबंधीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका घराच्या खुल्या वाय-फायपर्यंत पोहोचला होता. त्या गृहस्थाला चौकशीस सामोरे जावे लागले. उद्या हा माग एखाद्या तहसील कार्यालयापर्यंत आला, तर उत्तर कोणी द्यायचे?

माझ्या मते देयकापूर्वी त्या टेबलावर बसणाऱ्या लिपिकाची सही घ्यावी: संकेत मिळतो, जोडणी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ची आहे, राउटरचा मूळ पासवर्ड बदलला आहे.