क्रांतीचा जलसा

राजकीय क्रांती गाण्यातून उभी करता येते काय? युरोपात तसे घडले आहे. १६४७ साली नेपल्सच्या मासानिएल्लो नावाच्या कोळ्याने फळांवरील कराविरुद्ध बंड पुकारले. त्या बंडावर ऑबेरने ऑपेरा, म्हणजे अथपासून इतिपर्यंत गायिलेले नाटक, रचला. २५ ऑगस्ट १८३० रोजी ब्रुसेल्समध्ये त्याचा प्रयोग झाला, प्रेक्षक त्वेषाने रस्त्यावर आले आणि त्या उठावातून बेल्जियम स्वतंत्र झाला.

आमच्यापाशी नाट्यगृह नव्हते; जलसा होता. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाची ढोलकी ठेवली, त्यातील शृंगार टाकून दिला आणि बाबासाहेबांचा लढा गावोगाव निरक्षरांच्या कानी घातला. तो जलसा प्रेक्षकाला प्रश्न विचारीत असे. आज जयंतीला गाणी पुष्कळ होतात. परंतु त्यांत प्रश्न किती आणि जयजयकार किती, याचा हिशेब आपणच करावा.

कोपरगावच्या तरुणांना हे सांगण्याचे कारण आहे. तुमच्याच दौंड-मनमाड लोहमार्गावर, उत्तरेस हाकेच्या अंतरावर, येवले आहे. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षे गेली. आपली गाणी ही एकवीस वर्षे एका कडव्यात ओलांडतात आणि विचारपूर्वक घेतलेला निर्णय चमत्कारासारखा भासू लागतो. ज्याने चमत्काराला हात जोडावयाचे, त्याला विचार करण्याची गरज उरत नाही. व्यक्तिपूजेविरुद्ध ज्यांनी स्वतः इशारा दिला, त्यांच्याच नावाने हे व्हावे काय?

म्हणून येवल्याचा जलसा लिहा. त्यात एक सामान्य सत्याग्रही उभा करा. २ मार्च १९३० पासून तो काळाराम मंदिराच्या दारी झगडला आहे. आता पाच वर्षांनी, ते दार आपले नव्हे, असे त्याने मान्य करावयाचे आहे. तो रागावेल, वाद घालील, रात्रभर तळमळेल. त्याच्या घरधनिणीलाही बोलू द्या. घरातील देव्हाऱ्याचे काय करावयाचे, हे तिलाही ठरवावयाचे होते. क्रांती झाली ती अशा घराघरांत.

पडदा पडल्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवून निजावयास गेला, तर प्रयोग फसला समजा. तो वाद घालीत घरी गेला, तर तुमचा जलसा बाबासाहेबांच्या कामी आला.