लातुरातले मीठ

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नांदेड-लातूरच्या पठारावर पत्र्याचे छप्पर घालून, टाक्या उभारून आणि त्यांत मीठ कालवून सागरी कोळंबी पिकवावी, असा अर्ज निजामाच्या अमदानीत कोणी अव्वल तालुकदाराच्या कचेरीत गुदरला असता, तर त्यावर कोणता शेरा पडला असता हे सांगण्यास फारशी प्रतिभा नको. आज मात्र ही कल्पना असाध्य राहिलेली नाही. अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची व्हॅनामी कोळंबी, जिच्या संवर्धनास भारतात 2009 साली परवानगी मिळाली, ती अल्प क्षारतेतही तगते, आणि हरियाणात खाऱ्या भूजलावर तिचे पीक निघतेही.

लातूरचे नाव निघताच 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवते आणि पाण्याचाच आक्षेप प्रथम पुढे येतो. परंतु बंदिस्त पद्धतीत तेच पाणी गाळून, त्यातला अमोनिया जिवाणूंकरवी नायट्रेटमध्ये पालटून पुनःपुन्हा वापरले जात असल्यामुळे हा आक्षेप मला गौण वाटतो. रात्री वीज गेली आणि जनित्र वेळेवर सुरू झाले नाही, तर प्राणवायूअभावी सारे पीक पहाटेपूर्वी मरते, हा धोका मोठा खरा, पण तो ज्याचा त्याने पत्करावयाचा आहे. मिठाचे तसे नाही. दर हजारी दहा भाग क्षारता राखावयाची, तर लाख लिटरांच्या टाकीस सुमारे एक टन क्षार लागतात. हरियाणात मीठ जमिनीतच होते आणि त्याने ती जमीन आधीच नापीक केली होती. आपण मात्र ते पोत्यांनी विकत आणून, निचरा मंद असलेल्या काळ्या मातीच्या मुलखात ओतणार. गाळासह बाहेर पडणारे ते पाणी ओढ्यात गेले, तर खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीने काय करावे?

हे भय काल्पनिक नाही. भूदान चळवळीतले तामिळ सर्वोदयी एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यामागे कोळंबीपालनामुळे किनाऱ्यावरची शेते आणि पिण्याचे पाणी खारट झाल्याचीच फिर्याद होती. त्यानंतर 2005 साली किनारी जलचरपालन प्राधिकरणाचा कायदा झाला. मात्र त्याचा अंमल नावाप्रमाणेच किनारपट्टीपुरता आहे, आणि लातूरला किनारा नाही!

कोळंबीच हवी असेल, तर गोड्या पाण्यात वाढणारी मोठी कोळंबी, जिला व्यापारात स्कॅम्पी म्हणतात, ती आहे. तिच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते, म्हणून बीज कोकणात निपजावे आणि वाढ आमच्या तलावांत व्हावी. तलावांचा ठेका घेणाऱ्या भोई बांधवांच्या सहकारी संस्था आहेत, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. या दोहोंची गाठ घालून देण्यास पत्र्याच्या छपराएवढाही खर्च येऊ नये. तरीही कोणी टाकीचाच हट्ट धरला, तर 2020 च्या मत्स्य संपदा योजनेतून 40 ते 60 टक्के अनुदान मंजूर करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयाने अर्जदाराकडून वापरलेले खारे पाणी कोणत्या गट क्रमांकात, कशा अस्तराच्या तळ्यात आटविणार, हे लेखी घ्यावे, आणि पीक निघाल्यावर शेजारच्या विहिरीचे पाणी स्वतः तपासावे.