बडोदा ७३५ किलोमीटर, शिनोळी वीसच्या आत

सांबरा विमानतळ ते बडोद्याचा हरणी विमानतळ, सरळ रेषेत हवाई अंतर साधारण ७३५ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० धरला आणि चढाय-उतरायला अर्धा तास दिला, तर दीड तासाच्या आत पोचायला हवं. हा झाला कागदावरचा हिशोब. मुंबईत विमान बदलायचं म्हटलं की अर्धा दिवस गेलाच.

हिशोब करायचं कारण एक टोमणा. सीमाप्रश्नाचं नाव काढलं की कोणीतरी म्हणतोच, "बडोद्याचे मराठी बघा, गुजरातेत सुखानं राहतात. तुमचंच काय दुखतंय?"

मागं बडोद्याला गेलो तेव्हा खंडेराव मार्केट बघितलं. बाजार कसला, राजवाडाच वाटतो! १९०६ साली सयाजीरावांनी तो बांधला, खंडेराव महाराजांच्या नावानं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा पोरगा, खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि बडोद्याचा राजा झाला. आज तिथं महापालिकेचं कार्यालय आहे. मागच्या बाजूला फुलं-भाजीचा बाजार. तिथं मराठीत भाव विचारला, मराठीतच उत्तर आलं. खरं सांगतो, हेवा वाटला.

आणखी एक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात आलं. बेळगाव तिथं होतंच. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, साडेसात वर्षं, दोन्ही शहरं एकाच राज्यात होती! मग आपल्याला म्हैसूरला जोडलं, आणि १९६० ला बडोदा गुजरातेत गेलं.

पण इथंच टोमण्याचं उत्तर आहे. बडोद्याच्या चहूबाजूंनी गुजराती बोलणारी गावं आहेत. तिथल्या मराठी माणसानं महाराष्ट्र मागितला नाही, कारण मागण्यासारखा नकाशाच नव्हता. आपली मागणी पाटसकर सूत्रावर उभी आहे: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकांची इच्छा. बेळगावातून चंदगड रस्त्यानं निघालं की वीस किलोमीटरच्या आत शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. ८६५ गावांचा दावा या सलगतेचा आहे. नुसत्या मराठीपणाचा असता तर इंदूर, बडोदा, तंजावर सगळंच मागावं लागलं असतं.

म्हणून बडोदेकरांना "तुम्ही लढला नाहीत" म्हणून हिणवणं मला पटत नाही. आपल्यातलेही काही जण तसं बोलतात. २०१८ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन त्यांनीच भरवलं. आपल्याकडे १९४६ ला भरलं तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. ज्याला जे शक्य होतं ते त्यानं केलं.

एका बाबतीत मात्र दोघांचं सारखंच आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय, संविधानाचं कलम ३५०-क. त्याला सीमा लागत नाही, सलगताही नाही. २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. गावातली मराठी शाळा बंद पडत असेल तर अर्ज आजच करता येतो.

आणि पुढच्या वेळी कोणी बडोद्याचा दाखला दिला, तर भांडू नका. नकाशा उघडून शिनोळी दाखवा.