वंशाची फुशारकी हरली, कायदा तरला

१/ अमेरिकी लष्करात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्वासाठी आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून ‘गोरे’ असल्याचा दावा केला. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. या दाव्याचे कौतुक करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे : इतरांना दाराबाहेर ठेवून स्वतः आत शिरण्याचा तो युक्तिवाद होता.

२/ पुढे त्यांचेच वकील सखाराम गणेश पंडित यांचे १९१४ चे नागरिकत्व रद्द करण्यासाठी सरकारने खटला भरला. १९२६ मध्ये पंडित जिंकले, ते वंशामुळे नव्हे. एकदा झालेला अंतिम न्यायनिर्णय शासनावरही बंधनकारक असतो म्हणून.

३/ थिंद यांना नागरिकत्व लाभले ते १९३५ च्या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने. अन्य भारतीयांना १९४६ च्या कायद्याने. नकारानंतरची टिकाऊ वाट कायद्याचीच, कुलाभिमानाची नव्हे.