न्यूट्रलमध्ये चेन फिरत नाही

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मोटरसायकलमधून एक आवाज यायला लागला. टक. मग थोडा वेळ काही नाही. परत टक. वेग वाढवला की टकटक दाट व्हायची, कमी केला की विरळ. सिंहगड रोडवरून रोज हिंजवडीला जाणारा माणूस अशा वेळी जे करतो तेच मी आठवडाभर केलं. हेल्मेटच्या आत इअरफोन घातले.

आठव्या दिवशी सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये चालू केली, दोनदा रेस केली, कान लावल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "गिअरबॉक्समधून येतोय सर. इंजिन खोलावं लागेल." अंदाजे खर्च अकरा हजार, गाडी चार दिवस त्यांच्याकडे. मी मान डोलावली. वर विचारलं, "ईएमआय होतो का?"

आता माझी ओळख करून देतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. चार वर्षं शिकलो, फर्स्ट क्लास मिळवला आणि आमच्या बॅचमधल्या निम्म्याअधिक मुलांसारखा सॉफ्टवेअरमध्ये शिरलो. 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पेपरात गिअर ट्रेनची गणितं मी पैकीच्या पैकी मार्कांनी सोडवली आहेत. तो मी, दहा सेकंदांच्या त्या तपासणीपुढे मान डोलावून आलो. हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही. माझ्या त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे, आणि माझ्यासारख्या हजारो पदवीधरांच्या.

रात्री घरी फोन केला. आमचे आप्पा साखर कारखान्यात फिटर होते. अकरा हजारांचा आकडा ऐकून ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, "इंजिन बंद करून चाक फिरवून बघितलंस का?"

"नाही."

"मग त्यांनी बघितलं?"

"नाही. त्यांनी न्यूट्रलमध्ये रेस केली."

"अरे, न्यूट्रलमध्ये चेन फिरते का?"

फिरत नाही. गाडी उभी आणि न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिन कितीही रेस करा, पुढचं स्प्रॉकेट, चेन, मागचं स्प्रॉकेट आणि चाक, सगळं जागच्या जागी असतं. माझी तक्रार गाडीच्या वेगाबरोबर बदलणाऱ्या आवाजाची होती आणि तपासणी झाली त्याच स्थितीत, जिथे तो आवाज येणंच शक्य नव्हतं. त्या मुलाला जे ऐकू आलं ती क्लच आणि गिअरची खडखड होती. ती थोड्याफार प्रमाणात बहुतेक गाड्यांत असते.

"चाकाला खडूची खूण कर," आप्पा म्हणाले, "आणि किती फेऱ्यांत किती वेळा वाजतंय ते मोज. मग मला सांग."

रात्री साडेदहाला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. टायरवर खडूची रेघ ओढली आणि चाक हाताने हळूहळू फिरवू लागलो. वीस फेऱ्या पूर्ण झाल्या तेव्हा टक सात वेळा वाजलं होतं.

इथे माझी पदवी चार वर्षं उशिरा कामाला आली. माझ्या गाडीच्या पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात, मागच्याला ४२, आणि चेनमध्ये १२० कड्या. चाकाची एक फेरी म्हणजे चेनच्या ४२ कड्या पुढे सरकणं. वीस फेऱ्या म्हणजे ८४० कड्या. ८४० भागिले १२० म्हणजे सात. दोष चाकात किंवा मागच्या स्प्रॉकेटमध्ये असता तर आवाज वीस वेळा आला असता. पुढच्या स्प्रॉकेटमध्ये किंवा ते ज्यावर बसतं त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टमध्ये असता तर साठ वेळा. सातच वेळा येणारा आवाज एकच गोष्ट सांगतो. चेनमध्ये कुठेतरी एक, फक्त एक, बिघडलेली जागा आहे आणि ती फिरत फिरत तिथे येते तेव्हा वाजते.

मोबाइलचा टॉर्च लावला. चेन जिथे जोडतात तिथे लॉक असतो. एक सुटी पट्टी आणि तिला धरून ठेवणारी छोटी क्लिप. ती क्लिप जागेवर नव्हती. पट्टी पिनांवरून सरकून बाहेर आली होती आणि दर फेरीला चेन कव्हरला घासत होती. तेच माझं टक.

हे नीट समजून घ्या. ती पट्टी पूर्ण निघाली असती तर चेन सुटली असती. नशीब बरं असतं तर रस्त्यावर पडली असती. नसतं, तर पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन केसिंग फोडलं असतं किंवा मागचं चाक जॅम केलं असतं. सत्तरच्या वेगाला, बायपासवर, मागे ट्रक असताना. गिअरबॉक्स खोलण्याचा अकरा हजारांचा निकाल घेऊन आणि एक सुटलेला लॉक घेऊन मी त्या दिवशी घरी आलो होतो. सकाळी गाडी तिथेच ठेवली, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी नवा लॉक बसवला, क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवून. उघडं तोंड पुढे असेल तर काही अडकून क्लिप उचकटू शकते, हेही त्यांनीच सांगितलं. अकरा हजार सोडाच, सगळं मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत.

मित्रांना हे सांगितलं तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही ऐकून मला राग आला, म्हणून तिन्हींना उत्तर देतो.

पहिला, "आपल्या तासाची किंमत काय, आणि हात काळे करायला वेळ कुणाला आहे?" निदान आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्ती मी केली नाही. निदानाला वीस मिनिटं लागली. सर्व्हिस सेंटरला जाणं, थांबणं, चार दिवस रिक्षाने फिरणं, हे तुमच्या तासांच्या हिशेबात का धरत नाही? आणि खरं सांगू, हा आक्षेप वेळेचा नाहीच. तो काळ्या हातांचा आहे. हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने करणारा वरचा, ही उतरंड आपल्याकडे जातीएवढी जुनी आहे आणि कॉलेजने ती मोडली नाही, पक्की केली. वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब सीनियरकडून विकत घेऊन घासूनपुसून सबमिट करणारे आम्हीच. आप्पांना जे येतं त्याला आम्ही 'अनुभव' म्हणतो, आम्हाला जे येतं त्याला 'ज्ञान'. त्या रात्री अचूक चाचणी कुणाला सुचली?

दुसरा आक्षेप, "आता गाड्या कॉम्प्युटर झाल्यात, घरी काय कळणार?" १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, मोटरसायकलींमधून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, सेन्सर वाढले, हे खरं. पण इंजिनापासून चाकापर्यंत ताकद नेणारी वस्तू तीच आहे. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. तुमच्या गाडीखालची चेन त्याच कुळातली आहे. पिन, बुश, रोलर, पट्ट्या. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो तेव्हाही लोखंड रबरासारखं ताणलेलं नसतं, प्रत्येक पिन आणि बुश थोडी थोडी झिजलेली असते. हे कळायला लॅपटॉप लागत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, "अर्धवट ज्ञान धोक्याचं." मान्य. म्हणून मर्यादा आधी सांगतो. चालू इंजिनावर, गिअरमध्ये, डबल स्टँडवर चाक फिरत ठेवून चेन पुसायला किंवा तपासायला जाऊ नका, कधीच. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं आणि फडक्यामागून बोट जातं, आणि बोट परत येत नाही. इंजिन खोलू नका, ब्रेक खोलू नका. शंका असेल तर गाडी चालवू नका. पण 'या गाडीवर आज बसायचं नाही' एवढं सांगणारं अर्धवट ज्ञान धोक्याचं, की 'ईएमआय होतो का' विचारणारं पूर्ण अज्ञान?

आणि हे अर्धवट ज्ञान फार नाही. चार-पाच प्रश्न आहेत. आवाज इंजिनाच्या रेसबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना क्लच दाबून गाडी तशीच जाऊ द्या. रेस खाली आली तरी आवाज वेगाबरोबरच राहिला, तर चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग, ब्रेक या बाजूला बघा. रेसबरोबर गेला, तर इंजिन किंवा क्लचकडे. उभ्या गाडीवर, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबल्यावर खडखड थांबते का? मग संशय क्लचच्या बाजूला. रेस सोडताना आणि परत देताना मागून धक्क्यासारखा 'धप' येतो? चाकाच्या हबमधले रबर बघून घ्या. वेगाबरोबर वाढत जाणारी सलग घरघर? चाक वर आणि खाली धरून हलवा, खुळखुळलं तर बेअरिंग. चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागते? ती असमान झिजली आहे, 'जरा टाइट करून द्या' हा त्यावर उपाय नाही. किती सैल असावी हे गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. ती पुस्तिका सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, तुम्ही ती कधी उघडलेली नाही.

मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे. पण आपण त्याला काय देतो? "आवाज येतोय." बस. ऑफिसमध्ये कुणी 'ॲप चालत नाही' एवढंच लिहून तिकीट टाकलं तर आपण त्या माणसाची टर उडवतो. कुठल्या स्क्रीनवर, काय केल्यावर, दर वेळी की अधूनमधून, हे विचारल्याशिवाय तिकिटाला हात लावत नाही. आणि स्वतःचा जीव ज्या यंत्रावर टाकून रोज दीड तास फिरतो, त्याबद्दल आपलं तिकीट दोन शब्दांचं! मग समोरच्याने दहा सेकंद ऐकून सगळ्यात महाग तर्क काढला तर त्यात निम्मा वाटा आपला आहे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली. मोबाइल आणि शेती अवजारांसोबत त्यात वाहनंही होती. हक्क हवाच. सुटे भाग, माहिती, पुस्तिका सगळ्यांना मिळायलाच हव्यात. पण कंपनीने उद्या सगळे नकाशे खुले केले तरी, आवाज कुठून येतोय हा प्रश्नच ज्याला पडत नाही, त्याच्या हाती तो हक्क काय करणार?

तेव्हा आज रात्री पार्किंगमध्ये जा. इंजिन बंद, किल्ली खिशात. दोन्ही स्प्रॉकेटचे दात मोजा. पुढचं कव्हरमागे असेल तर गॅरेजवाल्याला विचारा. चेनच्या कड्या मोजा, लॉकची क्लिप जागेवर आहे ना ते बघा, आणि तिन्ही आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी काउंटरवर कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हणालं, की मान डोलावण्याआधी एवढंच विचारा, "तुम्ही ऐकलंत तेव्हा चेन फिरत होती का?"